मूषकांपासून औषधिसंग्रहाचे आणि घराचे रक्षण

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला आणि सांगली परिसरातील असंख्य घरांत, दुकानांत व दवाखान्यांत पाणी शिरले. माझे घर व दवाखाना एकाच छताखाली असून ते काहीसे उंचावर असल्याने पाण्यापासून वाचले. औषधांची पोती भिजली नाहीत याचे समाधान मानून मी निश्चिंत झालो. नदीकाठच्या बिळांतून आणि गटारांतून पाण्याने बाहेर काढलेले उंदीरही याच उंचावरच्या घरांच्या आश्रयाला येणार, हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानी आले नाही.

त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी माझ्या नित्याच्या रुग्ण असलेल्या एक वृद्ध बाई त्रिफळा चूर्णाची पुडी घेऊन परत आल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. पुडी माझ्यापुढे उलगडून त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यात येक काळी गोळी जास्तीची आलीया. ही बी कोमट पाण्यासंगंच घ्यायची का?" ती गोळी नव्हती, ती उंदराची लेंडी होती. "आजी, आधीच्या पुड्यांत अशी गोळी होती का?" असे विचारले तेव्हा त्यांनी सहजपणे उत्तर दिले, "असंल की. मला कुठं येवढं दिसतंय?"

वीस वर्षांच्या चिकित्साव्यवसायात इतका लज्जित मी कधी झालो नव्हतो. त्यांना मी सत्य सांगितले व क्षमा मागितली. तो चूर्णाचा डबा आणि त्याच्या शेजारचे दोन डबे त्याच दिवशी नष्ट केले. नोंदवही काढून त्या आठवड्यात ज्यांना ते चूर्ण दिले होते त्या सर्वांना दूरध्वनी केला. दोन रुग्ण त्यानंतर माझ्याकडे आले नाहीत. त्यांना दोष देता येणार नाही. या प्रसंगानंतर हा विषय मी शास्त्रग्रंथांतून, आधुनिक माहितीतून आणि स्वतःच्या भिंती तपासून जेवढा समजून घेतला, तेवढा सर्व वैद्यबंधु-भगिनी व औषधालयचालक यांच्यापुढे ठेवावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहे.

शास्त्रकारांनी काय सांगितले आहे?

मूषक म्हटले की आपल्याला प्रथम सुश्रुताचे कल्पस्थान आठवते. तेथील मूषिककल्प अध्यायात मूषकांचे अठरा प्रकार वर्णिलेले आहेत. त्यांचे विष शुक्रात असते, ते शरीरावर पडल्याने किंवा त्याने दूषित झालेल्या नखदंतांचा स्पर्श झाल्याने रक्त दुष्ट होते आणि ग्रंथी, शोथ, मंडले, ज्वर, अरुची, संधिवेदना आदी लक्षणे उत्पन्न होतात, असे तेथे सांगितले आहे. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानातही मूषिक व अलर्क यांच्या विषाचा एकत्र विचार आहे. चरकाने जनपदोद्ध्वंसाच्या प्रकरणात विकृत भूमीच्या लक्षणांत मूषकांच्या उपद्रवाचा अंतर्भाव केला आहे.

परंतु आपल्या प्रस्तुत विषयासाठी याहून महत्त्वाचे स्थळ वेगळेच आहे आणि ते आपण बहुधा परीक्षेपुरते वाचून सोडून देतो. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्या, म्हणजे मदनकल्पाच्या अध्यायात औषधिद्रव्ये गोळा केल्यावर ती कोठे व कशी ठेवावीत याचे विवेचन आहे. भांडारगृहाचे द्वार पूर्वेस किंवा उत्तरेस असावे, ते वाऱ्याच्या झोतात नसावे पण एका बाजूने हवा खेळती असावी, अग्नी, पाणी, ओल, धूर, धूळ, मूषक व चतुष्पाद यांना तेथे पोहोचता येऊ नये, द्रव्ये चांगली झाकलेली असावीत आणि शिंक्यांवर टांगून ठेवावीत, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे.

या विवेचनातील 'अनभिगमनीय' हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. मूषकाला मारावे, असे आचार्य येथे सांगत नाहीत. त्याला द्रव्यापर्यंत पोहोचताच येऊ नये, असे सांगतात. चिकित्सेत ज्याला आपण निदानपरिवर्जन म्हणतो, तेच येथे वास्तूला लावलेले आहे. घरातील उंदीर हा व्याधी मानला, तर उघडे अन्न, पाणी, आडोसा आणि भिंतीतील फट ही त्याची निदाने होत. निदाने कायम ठेवून केवळ सापळे व विष यांवर भिस्त ठेवणे म्हणजे अपथ्य चालू ठेवून औषध देणे होय. या लेखाचे सार एवढेच आहे. पुढील सर्व तपशील त्याच्याच पुष्ट्यर्थ आहे.

शत्रूची ओळख

आपल्याकडील घरांत व भांडारांत मुख्यतः तीन प्रकारचे मूषक आढळतात. पहिला घरातील लहान उंदीर, ज्याला आपण चिटुकला उंदीर किंवा उंदरी म्हणतो. दुसरा लांब शेपटीचा काळपट मोठा उंदीर. हा चढण्यात पटाईत असून वळचण, पोटमाळा व आढ्यावर राहतो. तिसरी घूस, ही जमिनीत खोल बिळे करते, जोत्याखालची माती पोखरते आणि मोरीच्या वाटेने घरात येते. मुंबईसारख्या बंदराच्या शहरांत यांखेरीज गटारांत राहणारा तपकिरी मोठा उंदीरही असतो. चिचुंद्रीचा समावेश सुश्रुताने मूषकांत केला असला तरी आधुनिक प्राणिशास्त्रानुसार ती कृंतक वर्गातील नाही. तिचा मुख्य आहार झुरळे व किडे हा होय. अर्थात, तिची विष्ठा औषधात पडणे तितकेच अक्षम्य आहे.

यांपैकी औषधालयाचा खरा वैरी लहान उंदीर होय. तो दिवसाकाठी जेमतेम ३ ग्रॅम अन्न खातो. परंतु तेवढ्या काळात पन्नासहून अधिक लेंड्या टाकतो आणि जाता-येता थेंबथेंब मूत्र सांडत जातो. म्हणजे तो जेवढे खातो त्याच्या कितीतरी पट नासवतो. पुरेशी ओल असलेले अन्न मिळाले तर त्याला वेगळे पाणी लागत नाही. मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवडे असतो, एका वेळी पाच-सहा पिले होतात आणि ती पिले साधारण सहा आठवड्यांत प्रजननक्षम होतात. पावसाळ्याच्या आरंभी शिरलेल्या एका जोडीचे दिवाळीपर्यंत काय होते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आणखी एक गोष्ट. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. त्यामुळे तो भुकेसाठीच कुरतडतो असे नाही. लाकूड, प्लॅस्टिक, विजेच्या तारांचे आवरण, शिशाची नळी, कच्चा गिलावा यांपैकी काहीही त्याला वर्ज्य नाही.

उंदीर आहेत हे कसे ओळखावे?

उंदीर प्रत्यक्ष दिसेपर्यंत थांबू नये. दिवसा उंदीर दिसू लागले तर त्यांची संख्या बहुधा फार वाढलेली असते. पुढील खुणा पाहाव्यात :

१. लेंड्या : लहान उंदराची लेंडी ३ ते ६ मिलिमीटर लांब व दोन्ही टोकांना निमुळती असते, मोठ्या उंदराची १२ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असते. ताजी लेंडी काळी, मऊ व चकचकीत असते. जुनी करडी पडून चुरडली जाते. पालीच्या विष्ठेच्या एका टोकास पांढरा ठिपका असतो, त्यावरून ती वेगळी ओळखता येते.

२. वाटा : उंदीर भिंतीच्या कडेने, नेहमीच्याच मार्गाने जातात. त्यांच्या अंगाच्या तेलकटपणामुळे तेथे काळपट पट्टा उमटतो.

३. कुरतडल्याच्या खुणा : ताजी खूण फिकट रंगाची असते, काळाने ती गडद होते.

४. वास : बंद खोली उघडताच येणारा उग्र, मूत्रासारखा वास.

शंका असल्यास रात्री भिंतीच्या कडेने शंखजिऱ्याचे पातळ पूड पसरावे. सकाळी पायांचे व शेपटीचे ठसे दिसतात आणि उंदीर कोठून येतो व कोठे जातो हे निश्चित होते. माझ्या दवाखान्यातील वाट मला अशीच सापडली. विजेची तार आत घेण्यासाठी वडिलांच्या काळी भिंतीला पाडलेले भोक तारेपेक्षा बरेच मोठे होते. त्यातून ठशांची ओळ थेट चूर्णांच्या मांडणीकडे गेलेली होती.

प्रवेशद्वारे बंद करणे

लहान उंदराला आत येण्यास ६ मिलिमीटरची, म्हणजे साधारण पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. मोठ्या उंदराच्या पिलास १२ मिलिमीटर पुरतात. म्हणून तपासणी करताना हातात पेन्सिल घ्यावी. ती जेथे शिरते तेथे उंदीर शिरतो, असे समजावे.

दाराखालची फट : ही सर्वांत दुर्लक्षित. उंबरठा झिजला असल्यास नवा बसवावा. लाकडी दाराच्या तळाशी दोन्ही बाजूंनी वीतभर उंचीचा जस्ताचा पत्रा ठोकावा, म्हणजे कड कुरतडली जात नाही. रबराची पट्टी एकटी पुरत नाही.

तारा व नळ यांची भोके : तारेच्या घासणीचा बोळा घट्ट कोंबून त्यावर सिमेंट भरावे. फुगणारा फेस सध्या बाजारात मिळतो; तो एकटा वापरल्यास उंदीर सहज कुरतडतात. ओले सिमेंटही रात्रीतून उकरले जाते. म्हणून ते सुकेपर्यंत वर पत्रा किंवा फळी दाबून ठेवावी. घुशीच्या बिळात सिमेंटबरोबर काचांचे तुकडे घालण्याची आपल्या गवंड्यांची जुनी रीत योग्यच आहे.

मोरी व गटार : मोरीच्या तोंडाशी धातूची भक्कम जाळी घट्ट बसवलेली असावी. सैल ठेवलेली जाळी घूस सहज उचलते.

खिडक्या व झरोके : ६ मिलिमीटरपेक्षा कमी छिद्रांची लोखंडी जाळी लावावी. नायलॉनची मच्छरजाळी डासांसाठी आहे, उंदरांसाठी नाही.

छप्पर : कौलारू घरांत भिंत जेथे संपते व वासे सुरू होतात तेथील पोकळी हा मोठ्या उंदराचा राजमार्ग असतो. ती गिलाव्याने किंवा जाळीने बंद करावी. छपरावर टेकलेल्या झाडाच्या फांद्या व वेली किमान १ मीटरपर्यंत छाटाव्यात. भिंतीवरून चढणाऱ्या नळांना पत्र्याची रुंद तबकडी बसवल्यास उंदीर वर जाऊ शकत नाही.

एक सावधगिरी आवश्यक आहे. आत उंदीर असताना सर्व भोके एकदम बुजवू नयेत. अन्यथा ते भिंतीत अडकून मरतात आणि दुर्गंधीने घर सोडण्याची वेळ येते. प्रथम बाहेरच्या बाजूची भोके बंद करावीत, आतील उंदीर सापळ्यांनी पकडावेत आणि शंखजिऱ्यावर सलग काही रात्री ठसे न उमटल्यावरच आतील बिळे कायमची भरावीत.

भांडाराची रचना

येथे चरकोक्त शिंक्याचे तत्त्व उपयोगी पडते. द्रव्य जमिनीपासून व भिंतीपासून दूर असावे, हा त्याचा अर्थ. पोती जमिनीवर कधीही ठेवू नयेत. ती लोखंडी मांडणीवर जमिनीपासून किमान ३० सेंटिमीटर उंच आणि भिंतीपासून माणूस वाकून पाहू शकेल एवढ्या, सुमारे ४५ सेंटिमीटर अंतरावर ठेवावीत. भिंतीच्या तळाशी वीतभर रुंद पांढऱ्या चुन्याचा किंवा रंगाचा पट्टा ओढावा. त्यावर लेंड्या व डाग तत्काळ दिसतात.

मनुका, खारीक, बदाम, तीळ, गूळ, खडीसाखर, शतावरी, अश्वगंधा, विदारीकंद, गुळवेल सत्त्व आणि अवलेह ही उंदरांची प्रथम पसंती. ही द्रव्ये गोणपाटात किंवा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच ठेवू नयेत. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यातच ठेवावीत. निंब, कुटकी, किराततिक्त अशा तिक्त द्रव्यांना उंदीर शिवत नाहीत, हा समज फसवा आहे. ते खात नसतील. पण त्या पोत्यांत घरटी करतात आणि मूत्रविसर्जनही तेथेच करतात.

विषवर्गीय द्रव्यांबाबत विशेष काळजी हवी. वत्सनाभ, कुचला, धत्तूरबीज यांचे पोते उंदराने फाडले व त्यातील तुकडे शेजारच्या द्रव्यात मिसळले, तर काय अनर्थ होईल हे आपणांस सांगणे नलगे. अशी द्रव्ये धातूच्या डब्यात, कुलुपात, स्वतंत्र कप्प्यात ठेवावीत.

चूर्णांविषयी आणखी एक मुद्दा. क्वाथ उकळला जातो, आसवारिष्टे संधानातून जातात. चूर्ण मात्र जसे आहे तसेच रुग्णाच्या पोटात जाते. लेप्टोस्पायरासारखे जंतू कोरड्या ठिकाणी फार काळ तग धरत नाहीत. परंतु आंत्रविकार उत्पन्न करणारे साल्मोनेला गटातील जंतू कोरड्या पुडीत महिनोन्महिने जिवंत राहू शकतात. म्हणून ज्या डब्यात लेंडी किंवा केस सापडला तो चाळून किंवा उन्हात वाळवून वापरण्याचा मोह कोणीही धरू नये. तो पूर्ण टाकावा.

औषधनिर्मितीच्या अनुसूची 'टी' मध्ये कारखान्याची वास्तू कोळिष्टके, कीटक व उंदीर यांपासून मुक्त असावी, अशी अट आहे. केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या व बाजारात न विकणाऱ्या वैद्यांना त्या अनुसूचीतून सूट दिलेली आहे. मीही त्या सुटीतच होतो. परंतु कायद्याने दिलेली सूट रुग्णाच्या पुडीतील लेंडीला लागू होत नाही, हे मला त्या वृद्ध बाईंसमोर बसले असता कळले.

सापळे

सापळा लावताना होणारी सर्वसाधारण चूक म्हणजे एकच पिंजरा खोलीच्या मध्यभागी ठेवणे. उंदीर भिंतीच्या कडेने चालतो. म्हणून चाप भिंतीशी काटकोनात, आमिषाचे टोक भिंतीकडे करून ठेवावा. लहान उंदरांचा वावर थोड्या क्षेत्रातच असतो, तेव्हा दर २-३ मीटरवर एक असे अनेक सापळे एकाच वेळी लावावेत. लहान उंदीर चौकस असतो व नव्या वस्तूकडे लगेच जातो. मोठा उंदीर मात्र संशयी असतो. त्याच्यासाठी दोन-चार दिवस चाप न ताणता नुसते आमिष ठेवावे आणि तो निर्धास्त खाऊ लागल्यावर चाप ताणावा. आमिष म्हणून भाजलेले खोबरे, भजे किंवा शेंगदाण्याच्या कुटात कालवलेला गूळ उत्तम. आमिष थोडे व घट्ट चिकटलेले असावे.

डिंकाचे चिकट फलक टाळावेत. त्यांत अडकलेला प्राणी तासन्तास तडफडतो व भीतीने मलमूत्र विसर्जित करतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही त्यांच्या वापराविरुद्ध भूमिका घेतली आहे. गणपतीचे वाहन म्हणून ज्यांना उंदीर मारणे रुचत नाही, त्यांनी पिंजरा वापरावा. परंतु पकडलेला उंदीर शेजाऱ्याच्या अंगणात सोडणे हा धर्म नव्हे.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे व मुखपट्टी वापरावी. लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नयेत, त्यामुळे धूळ श्वासात जाते. प्रथम त्यांवर ब्लीचचे द्रावण शिंपडून दहा मिनिटे थांबावे, मग कागदाने पुसून घ्यावे.

धूपन, कापूर आणि मांजर

अनेक सहकारी विचारतात की निंबपत्र, गुग्गुळ, वेखंड यांच्या धूपनाने किंवा कापूर, पुदिन्याचे तेल यांच्या वासाने उंदीर जात नाहीत काय? याबाबत स्पष्टच लिहितो. उग्र वासाने उंदीर काही दिवस दूर राहतात; पण तेथे अन्न मिळत असेल तर लवकरच त्या वासाला सरावतात. मी स्वतः पंधरा दिवस नित्य सायंकाळी धूपन केले; सोळाव्या दिवशी शंखजिऱ्यावर ठसे होतेच. धूपनाचे इतर उपयोग आहेत, ते अवश्य करावे. मात्र त्याला भिंतीतील भोकाचा पर्याय समजू नये. बाजारात मिळणाऱ्या, कानाला न ऐकू येणारा ध्वनी काढणाऱ्या यंत्रांचीही तीच गत आहे. तो ध्वनी भिंत किंवा पोते भेदून जात नाही. मांजर घरात उंदरांची संख्या आटोक्यात ठेवते हे खरे. परंतु चरकाने मूषकांबरोबर चतुष्पादांनाही भांडारात मज्जाव केला आहे, हे विसरू नये.

विषारी औषधे

औषधालयात उंदीर मारण्याचे विष वापरूच नये, असे माझे ठाम मत आहे. उंदीर आमिषाचे दाणे उचलून दुसरीकडे साठवतात. ते आपल्या पोत्यांतही जाऊ शकतात. शिवाय झिंक फॉस्फाइड ही काळपट करडी भुकटी असते. नाव न लिहिलेल्या डब्यात ती कज्जलीशेजारी ठेवली गेली, तर डोळ्यांनी भेद करणे कठीण. रक्त गोठू न देणारी ब्रोमॅडिओलोनसारखी विषे खाऊन मेलेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ल्यास त्यांनाही बाधा होते.

घरोघरी सहज मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर याहून भयंकर. लहान मुले ती चुकून खातात, तर काही माणसे जीव देण्यासाठी. खाल्ल्यानंतर एक-दोन दिवस रुग्ण बरा भासतो आणि मग यकृत निकामी होऊ लागते. विषात घृतपान हा आपला संस्कार. परंतु फॉस्फरसच्या विषबाधेत तूप, तेल व दूध यांमुळे विषाचे शोषण वाढते. अशा रुग्णाला तूप-दूध देण्यात किंवा वमन करविण्यात क्षणही न दवडता, तो बरा दिसत असला तरी, विषाच्या वेष्टनासह मोठ्या रुग्णालयात पाठवावे. या एका मुद्द्यावर आपली जुनी सवय रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

रुग्णतपासणीत उंदराची आठवण

उंदीर हा केवळ भांडाराचा प्रश्न नाही. तो निदानाचाही आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचे अनेक रुग्ण आढळले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात भातशेतीच्या दिवसांत हा आजार आढळत आला आहे. उंदराच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यातून, त्वचेवरील जखमांवाटे शरीरात शिरतात. तीव्र ज्वर, पोटऱ्यांत असह्य वेदना, डोळ्यांत लाली, पुढे कामला व मूत्राल्पता असा क्रम दिसल्यास ती साधी कामला समजून विरेचनावर विसंबू नये. चिखलपाण्यात काम केले होते काय, घरात उंदीर आहेत काय, हे दोन प्रश्न विचारावेत आणि तत्काळ पुढील तपासणीस पाठवावे. वेळेवर प्रतिजैविके मिळाल्यास हा आजार बरा होतो; उशिराने वृक्क व फुप्फुसे निकामी होऊ शकतात.

महाराष्ट्राला प्लेगचा इतिहास नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेल्या साथीने पुढे पुण्यासही ग्रासले. पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत उंदराच्या पिसवांतून प्लेग पसरतो हे दाखवून दिले. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात ग्रंथिक ज्वराची साथ उद्भवली, तेव्हा ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर भयाने घरे सोडून लोक बाहेर राहू लागले व घरांतील धान्यावर उंदीर माजले, असे कारण तज्ज्ञांनी दिले होते. आपत्तीनंतर माणूस घराबाहेर पडतो आणि उंदीर घरात शिरतो, हे आमच्या सांगलीच्या पुरातही दिसले. म्हणून पूर किंवा अतिवृष्टीनंतरचे दोन-तीन महिने भांडाराची तपासणी दर आठवड्याला करावी. घरात अकस्मात अनेक उंदीर मरून पडू लागल्यास ते झाडून टाकू नयेत. आरोग्य विभागास कळवावे, कारण मृत उंदराच्या अंगावरील पिसवा माणसाकडे वळतात.

मासिक तपासणी

माझ्या दवाखान्यात आता प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी पुढील क्रम पाळला जातो व वहीत नोंद केली जाते :

१. बाहेरून घराला एक फेरी. नवी भोके, बिळे, टेकलेल्या फांद्या पाहणे.

२. दारांखालच्या फटी पेन्सिलने तपासणे.

३. भिंतीलगतच्या पांढऱ्या पट्ट्यावरील खुणा पाहणे.

४. प्रत्येक डब्याचे झाकण उघडून, चांगल्या उजेडात वरचा थर पाहणे.

५. जुना माल आधी वापरणे. रिकामी खोकी व गोणपाट त्याच दिवशी बाहेर काढणे, कारण तीच त्यांची घरटी होतात.

६. खलबत्ता, चाळणी व पुड्यांचे कागद रात्री बंद कपाटात गेले आहेत ना, हे पाहणे.

या सर्वांस दीड तास लागतो. फटी बुजवणे, जाळ्या, पत्रा व स्टीलचे डबे यांचा एकवेळचा खर्च मला प्रथम जड वाटला होता. परंतु त्याआधी दर पावसाळ्यात किती द्रव्य मी मुकाट्याने फेकत होतो याचा हिशेब मांडला, तेव्हा तो खर्च दोन वर्षांत भरून निघाल्याचे दिसले. ज्यांची मोठी भांडारे आहेत त्यांनी कीडनियंत्रणाचे काम बाहेरील संस्थेस दिले असले, तरी ही फेरी स्वतः मारावी. ती संस्था सापळे मोजते. द्रव्याची जबाबदारी आपलीच असते.

त्या वृद्ध बाई अद्यापि माझ्याकडे येतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्या प्रत्येक पुडी माझ्यासमोर उलगडून पाहतात आणि मगच पिशवीत ठेवतात. मी त्यांना कधीही थांबविले नाही.

वाचक वैद्यांनी व औषधालयचालकांनी आपापल्या भागातील घरबांधणी, हवामान व साठवणुकीच्या रीती यांनुसार आलेले अनुभव त्रैमासिकाकडे अवश्य कळवावेत. विशेषतः कोकणातील दमट हवेत पत्र्याचे डबे गंजतात, तेथे कोणती भांडी टिकतात, याविषयी तेथील बंधूंनी लिहिल्यास सर्वांनाच त्याचा लाभ होईल. इत्यलम्.